फरशीखालून येणारा वायू

खानापूरला मामांकडे गेले, तर स्वयंपाकघरात गवंडी घण घेऊन उभा. दोनच वर्षांपूर्वी हौसेने बसवलेला ग्रॅनाइटचा ओटा मामा फोडायला निघाले होते. कारण मोबाइलवर आलेला एक मेसेज: ग्रॅनाइटमधून रेडॉन नावाचा वायू सुटतो आणि त्याने कॅन्सर होतो. खाली उपायही दिला होता, ओट्याखाली तांब्याचं पिरॅमिड ठेवा. मामा म्हणाले, "पिरॅमिडवर माझा विश्वास नाही की गं, म्हणून ओटाच काढतो."

गवंड्याला चहा पाजून परत पाठवलं आणि मामांसमोर बसले.

रेडॉन खरा आहे आणि त्याचा धोकाही खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी 3 ते 14 टक्के रुग्णांच्या आजाराचं कारण रेडॉन असतं. देशागणिक हा आकडा बदलतो. फक्त खापर चुकीच्या जागी फुटलं होतं. घरातला रेडॉन मुख्यतः येतो तो घराखालच्या जमिनीतून. तीन सेंटिमीटर जाडीच्या, घोटून गुळगुळीत केलेल्या लादीतून येणारा वाटा त्यामानाने अगदी किरकोळ असतो.

जगातल्या प्रत्येक मातीत थोडं तरी युरेनियम असतं. ते फुटत फुटत रेडियम होतं आणि रेडियम फुटून रेडॉन. या साखळीतली बाकीची सगळी मूलद्रव्यं घन, जिथल्या तिथे बसून राहणारी. रेडॉन तेवढा वायू, हेलियम-निऑनच्या कुळातला राजवायू. कोणाशी संयोग पावत नाही, म्हणून मातीच्या फटीफटींतून वर सरकत राहतो. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा वेळ, 3.8 दिवस, तेवढ्यात तो घरात पोचू शकतो.

आपल्या बेळगाव जिल्ह्यात निपाणी-चिकोडीकडचा काळा बेसॉल्ट युरेनियमच्या बाबतीत गरीब. ग्रॅनाइट आणि नाइस जातीच्या खडकांत ते जास्त असतं, आणि देशनूर परिसरातल्या वालुकाश्मात तर युरेनियमचा शोधही घेतला गेला आहे. पण नुसत्या खडकावरून एखाद्या घराचा आकडा सांगता येत नाही. शेजारशेजारच्या दोन घरांत कितीतरी पटींचा फरक निघू शकतो.

याचं कारण कळायला एक प्रश्न विचारावा लागतो, आणि या सगळ्या विषयात तोच मला सर्वांत आवडतो. दगडाच्या कणात कोंडलेला अणू बाहेर पडतो कसा?

मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. रायफल झाडली की दस्ता खांद्यावर कसा आदळतो, हे त्यांना सांगावं लागत नाही. रेडियमचं अणुकेंद्रक फुटतं तेव्हा हेच होतं. अल्फा कण, म्हणजे हेलियमचं केंद्रक, सेकंदाला सुमारे 15,000 किलोमीटर वेगाने एका बाजूला सुटतो आणि उरलेलं केंद्रक, म्हणजे नवा रेडॉन अणू, उलट्या बाजूला फेकला जातो. तो अल्फा कणापेक्षा पंचावन्न पट जड, म्हणून त्याचा वेग तितक्या पटीने कमी, सेकंदाला 270 किलोमीटर. हा वेग टिकला असता तर एका सेकंदात तो बेळगावहून साताऱ्याच्याही पुढे गेला असता! पण दगडात जेमतेम 30-40 नॅनोमीटर गेला की थांबतो. माणसाच्या केसाच्या जाडीचा हा दोन हजारावा भाग. म्हणजे रेडियमचा अणू कणाच्या पृष्ठभागाजवळ असेल तरच रेडॉनची सुटका, नाहीतर तो आतच राहतो आणि आतच संपतो. घोटलेल्या लादीतला बहुतेक रेडॉन असाच आतल्या आत मरतो.

बाहेर पडल्यावरही सुटका नक्की नसते. माती ठणठणीत कोरडी असेल तर तो अणू दोन कणांमधली हवा ओलांडून समोरच्या कणात जाऊन घुसतो आणि पुन्हा अडकतो. हवेत तो केसाच्या जाडीइतकं अंतर सहज कापतो. पण कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा असला, तर पाणी त्याला शंभरेक नॅनोमीटरमध्ये थांबवतं. आता तो मोकळा. म्हणूनच कोरड्या मातीपेक्षा ओलसर मातीतून रेडॉन बराच जास्त निघतो. मात्र माती पाण्याने गच्च भरली की उलटं होतं, कारण पाण्यातून वायू फार सावकाश सरकतो. खानापूरच्या पावसात अंगण असं गच्च भरलेलं असतं आणि जोत्यातला मुरूम मात्र नुसता ओलसर. वाट उरते ती घराखालूनच, आणि त्याच दिवसांत आपण खिडक्या लावून घेतो.

घरही त्याला ओढून घेतं. आतली उबदार हवा वर चढून कौलांच्या फटींतून निघून जाते, खाली दाब किंचित कमी होतो, आणि फरशीच्या सांध्यांतून, नळाच्या पाइपाभोवतीच्या फटीतून जमिनीतली हवा आत येते. मामांच्या जुन्या सोप्यात शेणाने सारवलेली जमीन आहे, पण कौलांतून वारा खेळतो. नव्या खोल्यांवर स्लॅब, खिडक्या घट्ट सरकत्या. हवा खेळण्यात जुना सोपाच सरस.

आत आलेला रेडॉन आपण बहुतांशी उच्छ्वासाबरोबर बाहेर टाकतो. घात करतात त्याची अपत्यं, म्हणजे रेडॉन फुटून तयार होणारे पोलोनियमचे घन अणू. ते धुळीला चिकटून श्वासनलिकेत बसतात आणि तिथे अल्फा कण सोडतात. अल्फा कणाला त्वचेवरचा मृत थरही अडवतो, पण श्वासनलिकेच्या अस्तरावर तसा थर नसतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना रेडॉनचा धोका न ओढणाऱ्यांपेक्षा सुमारे 25 पट असतो. निपाणीच्या तंबाखूवर संसार चालवणाऱ्या भागात हे तर ओरडून सांगायला हवं.

धोका ओळखायचा तर मोजणं हाच मार्ग. रेडॉनला रंग नाही, वास नाही, आणि लोलक फिरवून घर 'शुद्ध' करून देणारे बुवा पैशाला नाडतात, दुसरं काही नाही. घरी वापरण्याजोगे डिजिटल मॉनिटर मिळतात. त्याहून साधी एक लालसर फिल्म असते. ती डबीत घालून तीन महिने टांगायची, मग कॉस्टिक सोड्याच्या 60 अंश तापमानाच्या द्रावणात दीड तास ठेवायची. अल्फा कण जिथून गेला तिथे छिद्र पडतं. सूक्ष्मदर्शकाखाली लाल पडद्यावर पांढरे ठिपके चमकताना मी पाहिले आहेत. एक ठिपका म्हणजे फुटलेला एक अणू!

जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली सुचवलेली पातळी घनमीटरला 100 बेकेरेल आहे, आणि ती जमत नसेल तरी 300 च्या वर जाऊ नये असं म्हटलं आहे. 100 बेकेरेल म्हणजे एक घनमीटर हवेत सेकंदाला 100 अणू फुटतात. त्यासाठी रेडॉनचे साधारण पावणेपाच कोटी अणू लागतात, आणि त्याच हवेतल्या एकूण रेणूंची संख्या 25 च्या पुढे 24 शून्यं इतकी असते.

आकडा जास्त निघाला तर आधी समोरासमोरच्या खिडक्या रोज उघडायच्या, मग पाइपाभोवतीच्या आणि फरशीच्या फटी बुजवायच्या. तेवढ्याने भागलं नाही तर फरशीखालून एक पीव्हीसी पाइप थेट छपराच्या वर न्यायचा आणि त्यावर छोटा पंखा बसवायचा. फरशीखालची हवा घरात येण्याआधीच बाहेर जाते. नवं घर बांधताना कोब्याखाली खडीचा थर, त्यावर जाड प्लॅस्टिक आणि हा पाइप घालून ठेवला, तर पुढे फोडाफोडी करावी लागत नाही.

मामांच्या झोपायच्या खोलीत मी फिल्मची डबी टांगून आले आहे, जमिनीपासून दीड मीटरवर, भिंतीला न टेकवता. मोरीच्या पाइपाभोवतीची बोटभर फट त्याच गवंड्याने सिमेंटने बुजवली. ओटा जागेवर आहे. डबी शिमग्यानंतर काढायची, तोवर तिला हात लावायचा नाही, हे मामांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे.