दोन माणसं उचला, फरक मोजा

निसर्गाला जैवविविधता जितकी गरजेची, तितकीच माणसाला सांस्कृतिक विविधता गरजेची, असं युनेस्कोच्या २००१च्या जाहीरनाम्यात म्हटलंय. भाषणात हे छान वाटतं. पण जैवविविधता मोजता येते. मग संस्कृतीची विविधता कशी मोजायची?

नुसत्या मोजदादीत फसगत होते. दोन शहरांत प्रत्येकी पाच भाषा आहेत असं धरू. पहिल्यात प्रत्येक भाषेचे २० टक्के लोक आहेत. दुसऱ्यात एकीचे ९० टक्के, बाकी चौघींचे अडीच-अडीच. यादी दोन्हीकडे पाचाचीच.

संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड सिंप्सन यांनी १९४९ साली यावर सोपी युक्ती दिली. डोळे मिटून कोणतेही दोन जीव उचला. ते एकाच जातीचे निघण्याची शक्यता किती? प्रत्येक जातीच्या वाट्याचा वर्ग करायचा आणि सगळे वर्ग मिळवायचे. ही बेरीज १ मधून वजा केली की विविधता मिळते. १ला तिने भागलं की ‘परिणामी संख्या’, म्हणजे ही विविधता समान वाट्याच्या किती जातींइतकी (किंवा भाषांइतकी) आहे ते. पहिल्या शहरात बेरीज ०.२०, म्हणजे परिणामी भाषा ५. दुसऱ्यात ०.८१२५, म्हणजे जेमतेम १.२३. भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९५६मध्ये मातृभाषांसाठी हेच गणित मांडलं.

पण एकमेकींच्या सख्ख्या बहिणी शोभाव्यात अशा तीन भाषा आणि तीन वेगळ्या कुळांतल्या भाषा यांना सारखेच गुण कसे द्यायचे? ग्रीनबर्ग यांनी त्याच लेखात साम्याचाही हिशेब धरला होता. १९८२मध्ये संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी त्याला सर्वसाधारण रूप दिलं: उचललेल्या जोडीत सरासरी अंतर किती?

प्रत्येकी २५ टक्के वाट्याच्या चार भाषा घ्या. अंतर ० म्हणजे तीच भाषा, १ म्हणजे पूर्ण वेगळी. तिघींमध्ये आपापसात अंतर ०.१, चौथीचं प्रत्येकीपासून १. राव यांचा निर्देशांक येतो ०.४१. चौथी नाहीशी झाली आणि उरलेल्यांचे वाटे समान झाले, तर तो ०.०७वर कोसळतो. इथवर ठीक. आता चौथी ठेवून त्या तिघींपैकी एक पुसा. निर्देशांक ०.४७! एक भाषा मेली आणि विविधता ‘वाढली’. गणित चुकलेलं नाही: सारख्या जोड्या कमी झाल्या, म्हणून सरासरी अंतर वाढलं. पण हाच आकडा समोर ठेवून निधी वाटला, तर कुणाचा तरी गळा कापला जाईल. अशा वेळी जीवशास्त्रज्ञ डॅनिएल फेथ यांची १९९२ची पद्धत बरी. वंशवृक्षाच्या फांद्यांच्या लांबीची ती बेरीज करते. त्यामुळे एखादं पान गळलं तर आकडा कधीच वाढत नाही.

अर्थात फांद्या आधी ठरवाव्या लागतात. भाषांचे वंशवृक्ष बऱ्यापैकी रेखाटलेले आहेत. नाच, वाद्यं, विधी सतत एकमेकांकडून उसनं घेतात, त्यामुळे तिथे वृक्षाऐवजी जाळं मिळतं. शिवाय एका प्रकाराचे कागदोपत्री दहा उपप्रकार केले की सिंप्सनचा आकडा फुकटात फुगतो. आकडा सांगणाऱ्याला आधी विचारावं, वर्गवारी कुणी केली, आणि मोजलं काय: माणसं, प्रयोग की प्रेक्षक?

‘दुबळ्या संस्कृती मरणारच, हा निसर्गनियम’ हे वाक्यही जीवशास्त्राच्या नावावर खपवलं जातं. नैसर्गिक निवड कोण टिकलं तेवढं सांगते, कोण मोलाचं ते नाही.

यातल्या एकाही सूत्रात वय नाही. पाच हजार भाषक, सगळे साठीपुढचे: निर्देशांक आज झकास. वनस्पतिअभ्यासक अशा वेळी मोठ्या झाडांखाली रोपं किती, ते मोजतात. भाषेच्या बाबतीत युनेस्कोच्या तज्ज्ञगटाने २००३मध्ये पिढ्यांमधल्या संक्रमणासाठी ५ ते ० अशी श्रेणी सुचवली. मुलांसह सगळे बोलत असतील तर ५. आईवडील आणि त्यांच्या वरच्या पिढ्याच बोलत असतील तर ३. फक्त आजी-आजोबा आणि त्यांच्याहून थोरले उरले असतील तर २. पाहणीच्या तक्त्यात त्यासाठी वयाचा एक जादा रकाना लागतो.