लॅपटॉप-मोबाईलची निगा : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

नमस्कार,

दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी मशीनचा खर्च टाळता येण्यासारखा असतो, म्हणून हे पत्रक. बहुतेक लॅपटॉप १० ते ३५ अंश तापमानात वापरण्यासाठी बनवलेले असतात. परभणीत मे महिन्यात पारा ४२-४३ च्या घरात असतो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. त्यामुळे कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलंय त्यापेक्षा जरा जास्तच काळजी आपल्याकडे घ्यावी लागते.

पंखा आणि धूळ

लॅपटॉपच्या आतला छोटा पंखा गरम हवा धातूच्या बारीक जाळीतून बाहेर फेकतो. धूळ साचते ती पंखा आणि जाळीच्या मधे, बाहेरून दिसत नाही अशा जागी. मानवत, सेलूकडच्या जिनिंगच्या ऑफिसातलं मशीन उघडलं की तिथं कापसाच्या तंतूंची नमद्यासारखी घट्ट पट्टी सापडते, चिमटीत धरून अख्खी निघते. ती असेल तर पंखा कितीही फिरला तरी हवा बाहेर जात नाही. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करतो. मग "लॅपटॉप स्लो झालाय, रॅम वाढवून द्या" म्हणून लोक येतात. आम्ही आधी उघडून बघतो. अनेकदा सफाई आणि नवीन थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) एवढ्यावरच काम भागतं.

वर्षातून एकदा, होळीच्या आसपास, सफाई करून घ्या. घरी ब्लोअर मारू नका. त्या झोतानं पंखा भलत्या वेगानं फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. गादीवर किंवा उशीवर लॅपटॉप ठेवला तर खालून हवा आत जायची वाट बंद होते. खाली पाट किंवा लाकडी फळी ठेवा.

अर्थिंग

याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लागला की झिणझिण्या येतात का? बहुतेक वेळा मशीन चांगलं असतं, घराला अर्थिंग नसतं. ॲडॅप्टरच्या आतल्या फिल्टरमधून अगदी थोडा करंट गळतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत उतरतो, नसेल तर तुमच्या हातातून वाट शोधतो. तो सहसा धोकादायक नसतो, पण उद्या खरोखर कुठं शॉर्ट झालं तर वाचवायला काही नाही, एवढं त्यातून कळतं.

तीन पिनांचा प्लग बसत नाही म्हणून अर्थिंगची जाड पिन तोडू नका. अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी ओता. माती कोरडी पडली की अर्थिंग नावापुरतंच राहतं. वायरमनकडून तपासून घ्या. अर्थिंगशिवाय महागाचा स्पाईक गार्डही (विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारा बोर्ड) पूर्ण काम करू शकत नाही.

डीपीवर (वस्तीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रलची तार तुटली तर २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब घरात येऊ शकतो. बल्ब एकदम जास्त उजळले की लगेच मेन स्विच बंद करा. लाईट गेली की चार्जर काढा आणि आल्यावर पाचेक मिनिटांनी लावा. आभाळात गडगडाट सुरू झाला की चार्जरबरोबर ब्रॉडबँडची वायरही काढा, कारण वीज त्या वायरीतूनही आत शिरते. पीकविम्याच्या दिवसांत सेवा केंद्रावर रांग लागलेली असते, तेव्हा हे जिवावर येतं हे आम्हाला कळतं. तरीही काढा.

बॅटरी

सतत १०० टक्के आणि त्यात गरम, याच्यानं बॅटरी लवकर जाते. दिवसभर चार्जरवर काम असेल तर सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा लावा. सेटिंग सापडलं नाही तर दुकानात या, लावून देऊ, पैसे नाहीत. मोबाईल गाडीच्या काचेमागे किंवा दुचाकीच्या डिक्कीत उन्हात सोडू नका.

टचपॅड वर उचललं गेलं, झाकण नीट बसेना, मागचं कव्हर फुगलं, तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग तिथंच थांबवा. दाबू नका, टाचणी तर मुळीच लावू नका, आग लागते. जुनी बॅटरी कचऱ्यात न टाकता आमच्याकडे आणून द्या.

पाणी किंवा चहा सांडला तर

चार्जर काढा, पॉवर बटण दाबून धरून बंद करा, पालथा घाला आणि तसाच घेऊन या. "चालू होतंय का बघू" म्हणून बटण दाबलं की बोर्ड जातो. तांदळात ठेवून उपयोग नाही, हेअर ड्रायरही नको.

दुकानात येताना

चार्जर सोबत आणा, निम्मा दोष कधी कधी त्यातच असतो. फोटो, दाखले, हिशोब यांची एक प्रत आधी पेन ड्राईव्हवर काढून ठेवा. मशीन सुरूच होत नसेल तर आत काय महत्त्वाचं आहे ते आधी सांगा, म्हणजे आम्ही सुरुवात तिथून करू. खर्चाचा अंदाज फोनवर कळवतो आणि तुम्ही हो म्हटल्याशिवाय काम सुरू करत नाही.