स्पायवेअर : शोध व निर्मूलन

संगणक वापरणाऱ्याच्या नकळत त्याच्या वावराची, टंकलेल्या मजकुराची वा पासवर्डची माहिती गोळा करून परस्पर बाहेर पाठवणारे सॉफ्टवेअर म्हणजे स्पायवेअर. ते हुडकून काढून टाकणारी घरगुती साधने १९९९–२००० च्या सुमारास प्रचारात आली. स्टीव्ह गिब्सन यांचे ‘ऑप्टआउट’ (२०००) पहिले, असे बहुधा सांगितले जाते; लाव्हासॉफ्टच्या ‘अ‍ॅड-अवेअर’ला अग्रमान देणारेही आहेत. दोहोंचा रोख मोफत सॉफ्टवेअरला चिकटून येणाऱ्या जाहिरात-घटकांवर होता. त्यामुळे स्पायवेअर नेमके कशाला म्हणावे, हा प्रश्न पहिल्यापासूनच या साधनांच्या मागे लागला.

सॉफ्टवेअर बसवताना दिसणाऱ्या परवानापत्रावर ‘मान्य’ दाबले की माहिती गोळा करायला संमती मिळाली, असे अशा सॉफ्टवेअरच्या उत्पादकांचे म्हणणे. आपल्या उत्पादनाला स्पायवेअर म्हटल्यावरून गेटर या जाहिरात-सॉफ्टवेअर कंपनीने २००३ मध्ये ‘पीसी पिटस्टॉप’ या संगणक-तपासणीच्या संकेतस्थळावर बदनामीचा दावा लावला, तो तडजोडीने मिटला. पुढे अनेक साधनांनी ‘संभाव्य नकोसे प्रोग्राम’ असा सावध वर्ग केला. संमतीपेक्षा प्रोग्रामचे प्रत्यक्ष वर्तन पाहावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कारण ते परवानापत्र वाचणारे विरळाच.

शोधाची नेहमीची रीत म्हणजे ज्ञात नमुन्यांशी फाइली ताडून पाहणे. नवा नमुना तीतून निसटतो, म्हणून संगणक सुरू होताना आपोआप काय चालू होते, ते तपासतात. विंडोजमध्ये रजिस्ट्रीतील (सेटिंग्जच्या साठ्यातील) ‘रन’ नोंदी, स्टार्टअप फोल्डर, सर्व्हिसेस (पडद्यामागे चालणारे प्रोग्राम), नियोजित कामे व ब्राउझरची एक्स्टेन्शन ही त्याची मुख्य ठिकाणे. मॅकवर याच कामाची ‘लाँच एजंट्स’ व ‘लाँच डीमन्स’ ही फोल्डर पाहतात.

रूटकिट, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीममध्येच फेरफार करून प्रोग्राम लपवणारे तंत्र, वापरणारे स्पायवेअर या याद्यांतूनच स्वतःला वगळते. अशा वेळी ऑपरेटिंग सिस्टीमने दिलेली फाइलींची यादी आणि डिस्कवरून थेट वाचलेली यादी यांतील तफावत शोधतात. ऑक्टोबर २००५ मध्ये विंडोजचे जाणकार मार्क रुसिनोविच यांनी याच तत्त्वावरील ‘रूटकिट रिव्हीलर’ हे साधन वापरून सोनी बीएमजी या संगीत कंपनीच्या सीडींतून आलेले रूटकिट उघडकीस आणले. ते विशिष्ट अक्षरांनी सुरू होणाऱ्या सर्वच फाइली लपवत असे. त्याचे ड्रायव्हर (उपकरण चालवणारे प्रोग्राम) हाताने काढले, तर सीडी ड्राइव्ह दिसेनासा होई. कंपनीने दिलेल्या अनइन्स्टॉलरनेही सुरक्षेत नवे भगदाड पाडले.

निर्मूलनातील धोका एवढ्यावर थांबत नाही. जुन्या विंडोजमधील काही स्पायवेअर विनसॉकच्या, म्हणजे प्रोग्रामांना इंटरनेटशी जोडणाऱ्या घटकाच्या, साखळीत मधली कडी होऊन बसे. नुसती फाइल पुसली की साखळी तुटून इंटरनेटच बंद पडे. विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून (२००४) ती एका आज्ञेने पूर्ववत करता येऊ लागली. एकमेकांवर पहारा ठेवणाऱ्या दोन प्रक्रिया हीसुद्धा परिचित युक्ती : एक थांबवली की दुसरी तिला पुन्हा उठवते. म्हणून सेफ मोडमध्ये (फक्त अत्यावश्यक घटक चालू ठेवून) किंवा बाहेरील डिस्कवरून संगणक सुरू करून सफाई करतात. विनफिक्सरसारखी बनावट सफाई-साधने मात्र संगणकात खोटे दोष दाखवून पैसे उकळत.

मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २००४ मध्ये ‘जायंट’ नावाची स्पायवेअरविरोधी सॉफ्टवेअर कंपनी विकत घेतली. तिच्या साधनातून पुढे विंडोजमधील ‘विंडोज डिफेंडर’ हे संरक्षक साधन घडले. रूटकिट खोलवर रुजले असल्यास डिस्क पुसून ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकणे अधिक भरवशाचे मानतात. पासवर्ड मात्र दुसऱ्या, निर्दोष संगणकावरून बदलावे लागतात.