आंब्यावरची हिरवी काटेरी अळी: बॅरन की पॅरासा?

कोकणात किंवा सह्याद्रीच्या सदाहरित जंगलाच्या कडेला आंब्याच्या पानावर हिरवीगार काटेरी अळी दिसली, की हात आधी मागे येतो आणि मग चपलेकडे जातो. हात मागे घेणं योग्यच. पण चप्पल अनेकदा भलत्याच जिवावर पडते. एक अळी कॉमन बॅरन फुलपाखराची, अगदी निरुपद्रवी. दुसरी पॅरासा लेपिडा या पतंगाची. २०२२ मध्ये मराठवाड्यात उसावर गाजलेल्या घोणस अळीच्या कुळातली.

दोघींचाही रंग हिरवा, त्यामुळे ओळखायचं ते काट्यांवरून. बॅरनच्या काट्यांना काटे म्हणायला जीव धजत नाही: दोन्ही अंगांना लांब, पिसांसारखे, पानाला चिकटून पसरलेले. पाठीवर मधोमध फिकट पिवळी रेघ. अळी पानाच्या मधल्या शिरेवर लांबलचक पहुडते, रेघ शिरेत मिसळते आणि पिसांमुळे अंगाची कडच हरवते. फोटो दाखवला तरी लोक विचारतात, "कुठंय?"

पॅरासाला लपण्याची फिकीर नाही. ठेंगणी, जाडजूड, पाठीवर निळे पट्टे आणि उंचवट्यांवर ताठ, आखूड काट्यांचे झुबके ओळीने रोखलेले. काही झुबके लालसर टोकांचे. हे काटे पोकळ, बुडाशी विषग्रंथी. टेकताच टोक मोडतं आणि विष कातडीत जातं. मग आग, गांधी, सूज. पाय दिसतच नाहीत, गोगलगायीसारखी सरकत जाते. पिल्लावस्थेत पानाच्या खालच्या अंगाला घोळक्याने राहून हिरवा भाग खरवडून खातात, पानं पापुद्र्यासारखी होतात. वरून पान स्वच्छ दिसतं म्हणून खालून हात घालणाऱ्याला हमखास प्रसाद मिळतो. बॅरन मात्र एकटीदुकटी, पानाच्या वरच्या अंगाला.

खोडाला चिकटलेले तपकिरी, टणक, अर्धगोल कोष दिसले तर नखाने उकरू नका. ते पॅरासाचे; त्यांच्यावरही काटे असतात. बॅरनचा हिरवा, कोनेदार कोष लटकलेला असतो.

काटा लागलाच तर चोळायचं नाही. चिकटपट्टी लावून ओढायची, रुतलेले काटे तिच्याबरोबर येतात. मग साबणाने धुऊन बर्फ. धाप लागली किंवा चेहरा सुजला तर थेट दवाखाना. रक्तस्रावाने माणूस दगावावा इतकी विषारी अळीही जगात आहे, दक्षिण अमेरिकेच्या जंगलातली लोनोमिया. तिच्यासाठी ब्राझीलमध्ये प्रतिविषही बनवतात. आपली पॅरासा त्या जातकुळीतली नव्हे.