चप्पल उलटी करून बघा

मे महिन्यात सोलापूर तापलं की देवळाच्या फरशीवर अनवाणी माणूस उड्या मारतच सावली गाठतो. एखादा मात्र निवांत चालत जातो. जुनी शुगर असेल तर त्याच्या तळव्यांना चटका कळतच नसावा. संध्याकाळी फोड दिसतो, तोही घरच्यांना.

समजा, असा एक यंत्रमाग कामगार जखम घेऊन वॉर्डात आला. इंटर्न ड्रेसिंग आणि अँटिबायोटिक लिहितो. चूक काहीच नाही, तरी जखम भरत नाही. कारण तो तिच्यावरच उभा असतो. १९४६ मध्ये वेल्लोरला आल्यानंतर कुष्ठरुग्णांवर काम करताना डॉ. पॉल ब्रँड यांच्या लक्षात आलं, की बधिर पाय आपोआप सडत नाहीत. दुखत नाही म्हणून माणूस त्याच जागेवर भार टाकत राहतो. प्लास्टर घालून भार वाटून दिला की जखमा भरत. मधुमेहाच्या जखमांना आजही तोच उपाय चालतो.

हे शिकाऊ डॉक्टरांना एकेका विभागात कळत नाही, एकाच खाटेभोवती सगळे जमले तर कळतं. मेडिसिनचा रेसिडेंट १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवतो आणि विचारतो, "टोचतंय का?" इथेच फसतो. प्रश्नातच उत्तर आलं. डोळे मिटायला सांगून "कुठे लागलं?" एवढंच विचारायचं. सर्जरीवाला जखमेत बोथट सळई घालतो. टोकाला टणक लागलं तर हाडापर्यंत जंतू गेल्याची शंका. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या मानाने कमी भरला तर रक्तपुरवठा अपुरा. पण मधुमेहात धमन्या कडक होतात आणि आकडा खोटाच चांगला येतो. घरी पट्टी कोण बदलतं, हे सिस्टरला ठाऊक. आणि खाटेखालची चप्पल? ती उलटी केली तर तळातून वर आलेलं खिळ्याचं टोक दिसेल. पण चप्पल कुणाच्याच विषयात येत नाही. माझं मत विचाराल तर परीक्षेत जखमांचं वर्गीकरण विचारण्याऐवजी "आज कुणाकुणाला फोन कराल?" असं विचारावं. परीक्षेत नसलेलं कोण शिकतं!

"पायावर भार देऊ नका," डॉक्टर सांगतात. रोजंदारीवाला "बरं साहेब" म्हणतो. आठवड्याने प्लास्टरची टाच झिजलेली असते. ते सर्वांत आधी दिसतं सिस्टरला. राउंडमध्ये तिला कुणी विचारलं तर.