'अवतार', बळी आणि मुळशी: एका विज्ञानपटावरच्या वादाची पार्श्वभूमी

'अवतार' मालिकेचा तिसरा भाग १९ डिसेंबर २०२५ रोजी पडद्यावर आला आणि सोळा वर्षांपूर्वीचे दोन प्रश्न पुन्हा वर आले. परग्रहावरचे खनिज काढायला गेलेली माणसांची कंपनी तिथल्या निळ्या रहिवाशांना हुसकावते, आणि त्यांच्यात पाठवलेला एक माणूस त्यांच्या बाजूने लढतो, ही पहिल्या भागाची गोष्ट. हा चित्रपट वसाहतवादाच्या विरोधात आहे का? आणि असेल, तर लढ्याचा नायक बाहेरून आलेला माणूस का? पहिला भाग भारतात १८ डिसेंबर २००९ रोजी इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू या भाषांत लागला. मराठीत तो आला नाही. त्यामुळे मराठीतून त्यावर बोलणाऱ्याला शब्द स्वतःच शोधावे लागले, आणि ज्या शब्दाला हात घालावा त्याला आधीपासून इतिहास चिकटलेला. पुण्यात तर जास्तच.

मराठीत विज्ञानकथा वाढली ती मुख्यतः शास्त्र समजावून देणारी कथा म्हणून. तशी वाचनाची सवय असलेला प्रेक्षक आधी तरंगत्या डोंगरांचे कारण विचारतो (अतिवाहक, म्हणजे वीज विनाअडथळा वाहू देणारे खनिज आणि चुंबकीय क्षेत्र, हे चित्रपटाचे उत्तर), ते खनिज कोणाचे हा प्रश्न त्याच्या मनात नंतर येतो. शिवाय २००९ साली लक्ष वेधून घेतले ते त्रिमितीच्या (थ्रीडी) चष्म्याने. द्विमिती (टूडी) खेळासाठी पडद्यावरचा उजेड १४ फूट-लँबर्ट (पडद्याचा उजेड मोजण्याचे एकक) असावा असा दंडक आहे. त्रिमितीत प्रोजेक्टरपुढचा फिल्टर आणि डोळ्यांवरचा चष्मा मिळून त्यातला बराचसा गिळतात. चार-पाच फूट-लँबर्ट डोळ्यांपर्यंत पोचले तरी खेळ चांगला म्हणायचा. एकाच प्रोजेक्टरवरून डाव्या-उजव्या डोळ्यांच्या प्रतिमा आलटून पालटून, सेकंदाला १४४ वेळा टाकल्या जातात. ध्रुवीकरणाच्या, म्हणजे प्रकाशलहरींची दिशा बांधून दोन डोळ्यांच्या प्रतिमा वेगळ्या ठेवण्याच्या पद्धतीत पडदा चंदेरीच लागतो. पांढऱ्या पडद्यावर ध्रुवीकरण मोडते, एका डोळ्याची प्रतिमा दुसऱ्यात झिरपते आणि कडांना सावली येते. दिवा जुना असेल तर रात्रीच्या जंगलाची सगळी चमक मातकट होते.

हे तंत्र राजकारणापासून वेगळे राहत नाही, हे चीनमध्ये दिसले. जानेवारी २०१०मध्ये तिथे द्विमिती प्रती पडद्यांवरून उतरवल्या, त्रिमिती चालू ठेवल्या. खुलासा धंद्याचा होता: द्विमितीला गल्ला कमी. बाहेरच्या वृत्तपत्रांनी बोट ठेवले ते जबरदस्तीने घरे पाडली जाण्याच्या तिथल्या पेटलेल्या विषयावर. मोठे झाड पाडून माणसांना हुसकावण्याचे दृश्य प्रेक्षक आपल्या वस्तीशी जोडत होते. त्रिमितीचे पडदे थोडे आणि तिकीट महाग. द्विमिती काढली की लहान गावातला प्रेक्षक गळतो, हे कोणताही खुलासा मानला तरी खरेच.

बाकी जगातल्या प्रतिक्रिया थोडक्यात सांगता येतात. अमेरिकेतल्या उजव्या गोटाला हा चित्रपट देशविरोधी आणि लष्करविरोधी वाटला. डाव्या गोटाने गोऱ्या तारणहाराची जुनी गोष्ट म्हणून त्याला झोडपले. व्हॅटिकनच्या वृत्तपत्राला त्यात निसर्गपूजा खटकली. फेब्रुवारी २०१०मध्ये पॅलेस्टाईनमधल्या बिलिन गावचे आंदोलक अंगाला निळा रंग फासून इस्रायलने घातलेल्या कुंपणाकडे चालत गेले. संवादांत २००३च्या इराक युद्धातली लष्करी भाषा उघडपणे वापरली आहे. अमेरिकी प्रेक्षकाला ती ऐकताच तारीख आठवते. आपल्याकडे ती भाषा नुसती धमकी म्हणून कानावर पडते. इराकची जागा इथे दुसऱ्या कशाने तरी भरणे भाग होते.

खरा गुंता शीर्षकातच आहे. 'अवतार' हा शब्द मराठी माणूस रोज वापरतो आणि त्यात देव असतोच असे नाही. केस विस्कटलेल्या पोराला आई म्हणते, 'काय हा अवतार!' मूळ धातूचा अर्थ खाली उतरणे. संगणकी खेळांत १९८०च्या दशकात तो शब्द खेळाडूच्या पडद्यावरच्या रूपासाठी रुळला आणि तिथून चित्रपटात आला. दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन यांनी २००७च्या एका मुलाखतीत हिंदू देवाच्या देहधारणेचा दाखला दिला होता. त्यावरून आपल्याकडे पुष्कळांनी निळा रंग, दशावतार अशी सांगड घातली आणि आपलाच शब्द जगभर गेला याचा आनंद मानला. तो आनंद समजण्यासारखा आहे, पण शब्दाचा अर्धाच इतिहास त्यात येतो.

उरलेला अर्धा पुण्याचा आहे. जोतीराव फुले यांच्या १८७३च्या 'गुलामगिरी'त अवतारांचा अर्थ मुळापासून उलटा लावलेला आहे. धोंडीबा विचारतो, जोतीबा उत्तर देतो, आणि एकेक अवतार परदेशातून आलेल्या टोळीचा म्होरक्या ठरतो. माशासारख्या चपळ लहान होड्यांतून आलेला तो मत्स्य, कासवासारख्या संथ मोठ्या होड्यांतून आलेला तो कच्छ. मग वराह, नरसिंह, आणि तीन पावले जमीन मागून सगळे राज्य घेणारा वामन. बळी हा इथला न्यायी राजा, खंडोबा आणि म्हसोबा त्याचे अधिकारी. दिवाळीत ओवाळताना म्हटले जाणारे 'इडा पीडा टळो, बळीचे राज्य येवो' हे त्या वाचनात लोकांनी जपून ठेवलेली आठवण ठरते.

हे वाचून चित्रपट पाहणाऱ्याला शीर्षकाचा वेगळाच अर्थ लागतो. पडद्यावरचा अवतार म्हणजे स्थानिकांचे शरीर घालून, त्यांच्यात मिसळून, त्यांची माहिती काढायला आलेला परका. पहिल्या अर्ध्या भागात नायक नेमके हेच काम करतो. पुढे तो बाजू बदलतो आणि शेवटी जुने शरीर टाकून देतो. दशावताराच्या रूढ वाचनात तो तारणहार, 'गुलामगिरी'च्या वाचनात तो पक्ष सोडून बळीकडे आलेला वामन. दुसरे वाचन चित्रपटाला जास्त न्याय देते असे आम्हाला वाटते, कारण पटकथेत त्याच्या अपराधाला जागा आहे: आपण कशासाठी पाठवले गेलो होतो हे तो झाड पडण्याआधी टोळीसमोर कबूल करतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. 'गुलामगिरी' अर्पण केली आहे ती काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. अमेरिकेकडे पाहण्याची ती दृष्टी आणि चित्रपटाची दृष्टी यांत फार अंतर नाही.

याच्या पुढचा शब्द 'मूलनिवासी'. निळ्या लोकांना मराठीत काय म्हणायचे? आदिवासी म्हटले की अनुसूचित जमाती डोळ्यांपुढे येतात. वनवासी म्हटले की एक विशिष्ट विचारधारा बोलते. मूलनिवासी म्हटले की बहुजन चळवळीची मांडणी येते, आणि ती आर्य आक्रमणाच्या सिद्धान्तावर उभी असल्याने वाद लगेच सुरू होतो. तो सिद्धान्त १९४६ साली शूद्रांच्या उत्पत्तीवरच्या ग्रंथात चळवळीच्या सर्वांत मोठ्या विद्वानाने, डॉ. आंबेडकरांनीच, नाकारला होता, हे दोन्ही बाजू सोयीने विसरतात. भारत सरकारने २००७ साली संयुक्त राष्ट्रांतल्या मूलनिवासींच्या हक्कांच्या जाहीरनाम्याला मत दिले, पण सगळेच भारतीय मूलनिवासी ही आपली भूमिका सोडली नाही. ९ ऑगस्टला महाराष्ट्रात 'जागतिक आदिवासी दिन' साजरा होतो, तोही 'आदिवासी' हा शब्द निवडून.

आणि मग मुळशी. पुण्याच्या पश्चिमेला मुळा आणि निळा नद्यांच्या खोऱ्यात १९२१च्या रामनवमीला मावळे, म्हणजे तिथले शेतकरी, धरणाच्या कामावर जाऊन बसले. धरण टाटा कंपनीचे, मुंबईच्या विजेसाठी होते. पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात सोडायचे होते. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. लढा १९२४पर्यंत चालला आणि हरला. त्याचे पुढारी पुण्याचे, शिकलेले, बहुतेक उच्चवर्णीय होते. शेवटच्या टप्प्यात सेनापती बापटांनी रेल्वे अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. त्यांच्या नावाच्या रस्त्यावर आज मल्टिप्लेक्स आहे. म्हणजे तारणहाराचा प्रश्न पुण्याला नवा नाही. या शहरी पुढाऱ्यांनी तुरुंग भोगला, हे खरेच. पण शहरात असेही जमीनमालक सावकार होते ज्यांना जमिनीपेक्षा मोबदला बरा वाटत होता, आणि नांगर धरणाऱ्या कुळाला त्यांनी विचारले नाही.

पुढच्या घडामोडींनी ही तुलना आणखी घट्ट केली. फेब्रुवारी २०१०मध्ये ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरिया कोंधांसाठी दिग्दर्शकाला जाहिरातीतून साद घातली गेली. ऑगस्ट २०१०मध्ये तिथल्या बॉक्साइट खाणीला वनपरवानगी नाकारली गेली. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांकडे दिला, आणि त्याच वर्षी बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. तिथे बाहेरचा नायक लागला नाही. डिसेंबर २०२२मध्ये दुसऱ्या भागाच्या वेळी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी काहींनी बहिष्काराची हाक दिली. तिथल्या लाकोटा जमातीच्या लोकांना आपले भविष्य दिसले असते तर ते अधिक जोमाने लढले असते, या आशयाचे दिग्दर्शकाचे २०१०मधले बोलणे तेव्हा उकरून काढले गेले. ती हाक रास्त होती. हरलेल्याला कमी लढल्याचा दोष देणे मुळशीबद्दलही चालणार नाही.

एका बाबतीत मात्र चित्रपट मुळशीपेक्षा सोपा आहे. पडद्यावरची कंपनी औषधे, शाळा, रस्ते देऊ करते आणि टोळीला ते नको असतात. १८९४च्या भूसंपादन कायद्यात नको म्हणण्याची सोयच नव्हती. कलम ४ची सूचना, कलम ६ची घोषणा, कलम ११चा निवाडा. हरकत घेतली तरी तिच्यावरचा निर्णय सरकारचाच. कंपनीसाठी जमीन घ्यायला स्वतंत्र सातवा भाग होता. सक्तीने जमीन घेतल्याबद्दल बाजारभावावर मिळणारी जादा दिलासा रक्कम १५ टक्के, १९८४पासून ३० टक्के. मोबदला मिळे तो कागदावर नाव असलेल्याला, त्यामुळे कुळाच्या हाती फारसे काही येत नसे. संमतीचा आकडा कायद्यात आला २०१३ साली: खासगी कंपनीसाठी ८० टक्के, सरकारी-खासगी भागीदारी प्रकल्पासाठी ७० टक्के बाधित कुटुंबे, दिलासा रक्कम १०० टक्के, आणि अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची आधी संमती. हा कायदा १ जानेवारी २०१४ला लागू झाला, तेव्हा मुळशीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांना नव्वद वर्षे होत आली होती.