माकडांवर लस चालली, पण कुठल्या विषाणूवर?

गेल्या पावसाळ्यात जांबोटीकडच्या एक मावशी एचआयव्हीच्या गोळ्या न्यायला आल्या आणि मोबाईल माझ्यापुढं धरून म्हणाल्या, "सर, माकडांवर एड्सची लस चालली म्हणत्यात. मग ह्या गोळ्या कशाला खायच्या?" मग आवाज खाली आणून दुसरी शंका विचारली: कौलांवर नाचणाऱ्या माकडांकडनं हे लागतं काय?

दुसरीचं उत्तर सोपं. नाही लागत. एसआयव्ही, म्हणजे एचआयव्हीचा माकडांतला भाऊबंद, हा आफ्रिकेतल्या माकडांचा विषाणू. आमच्या खानापूरच्या रानातल्या माकडांत तो नसतो.

पहिलीसाठी मात्र त्यांना बाकावर बसवून घेतलं. माणसाचा एचआयव्ही रीसस माकडाला टोचला तरी रुजत नाही. त्याच्या पेशीतलं ट्रिम-५ अल्फा हे प्रथिन विषाणूला आत शिरताच अडवतं. हे २००४ मध्ये उलगडलं. म्हणून प्रयोगात दोन वेगळे विषाणू वापरतात, आणि बातमीत दोन्ही एकच होऊन जातात.

एसआयव्ही निसर्गातला. आफ्रिकेतल्या सूटी मँगाबी माकडाला तो सहसा आजारी पाडत नाही, पण आशियातल्या रीससला खरोखरचा एड्स होतो: रोगाशी लढणाऱ्या सीडी-४ पेशी घटतात, जनावर खंगत जातं. आजार आपल्यासारखाच, पण विषाणूचं बाहेरचं आवरण वेगळं. त्यामुळे एचआयव्हीच्या आवरणाला धरणाऱ्या प्रतिपिंडांची परीक्षा इथं होत नाही.

एसएचआयव्ही प्रयोगशाळेत जोडलेला. आत एसआयव्ही, अंगावर एचआयव्हीचं आवरण. प्रतिपिंडांची परीक्षा इथं होते. पण ते आवरण कुठल्या एचआयव्हीचं, यावर सगळं अवलंबून. '८९.६पी' हा असाच एक एसएचआयव्ही. तो पेशीत सीएक्ससीआर-४ या दारानं शिरतो. माणसामाणसांत पसरणारा एचआयव्ही बहुतेक वेळा सीसीआर-५ या दारानं येतो. अ‍ॅडेनोव्हायरस या सर्दीच्या विषाणूवर बेतलेल्या एका लसीनं माकडांत ८९.६पीला चांगलं दाबून ठेवलं. तीच लस चिवट एसआयव्हीपुढं फिकी पडली. माणसांवरची तिची चाचणी २००७ मध्ये थांबवावी लागली. लस संसर्ग रोखतच नव्हती. चिवट विषाणूनं दिलेल्या उत्तराला आधीच जास्त वजन द्यायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून लसीची बातमी आली की मी आधी विषाणूचं नाव शोधतो.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे गोळ्या चालूच?"

"चालूच, मावशी. एकही चुकवायची नाही."

त्यांनी बाटली पिशवीत कांद्यांच्या खाली सरकवली, वर कोथिंबिरीची जुडी ठेवली आणि जांबोटीची बस गाठायला निघाल्या.